माल बुडलो तर कोणाचो? कुडाळहून जेबेल अलीपर्यंत काजूगराची वाट

दुबईहून आलेली चौकशी एका ओळीची होती. डब्ल्यू २४० आणि डब्ल्यू ३२०, प्रत्येकी एक टन; एफओबी न्हावा शेवा आणि सीआयएफ जेबेल अली, असे दोन्ही भाव कळवा. न्हावा शेवा म्हणजे मुंबईजवळचं जेएनपीटीचं बंदर, जेबेल अली हे दुबईचं. विचारणारे गृहस्थ मूळचे दापोलीकडचे, दुबईच्या देइरा भागात सुक्यामेव्याचा व्यापार करतात. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात तीनशे ते तीनशे वीस अख्खे गर, हे त्यांनाही ठाऊक आणि आम्हालाही. कुडाळजवळच्या आमच्या युनिटमध्ये बी उकडण्यापासून ग्रेडिंगपर्यंत सगळं घरच्या देखरेखीखाली होतं. मालाची काळजी नव्हती. प्रश्न त्या पुढच्या अक्षरांचा होता.

तोवर आमचा काजू मुंबईच्या आणि कोल्हापूरच्या व्यापाऱ्यांकडे जायचा. ट्रक भरला, ट्रान्सपोर्टवाल्याची बिल्टी हातात आली, की आमच्या बाजूने विषय संपला. भाडं कोणाचं, वाराई म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी कोणाची, हे फोनवर ठरायचं आणि वर्षानुवर्षं तेच चालायचं. समुद्रावरून माल पाठवताना असं चालत नाही. तिथे भाव सांगताना जागेचं नाव जोडावंच लागतं, कारण त्या जागेपर्यंतचा खर्च आणि धोका विकणाऱ्याचा, पुढचा घेणाऱ्याचा. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाने हे नियम पहिल्यांदा १९३६ मध्ये छापले. त्यांना इन्कोटर्म्स म्हणतात. सध्या २०२० ची आवृत्ती चालू आहे आणि तिच्यात अकरा नियम आहेत.

अकराही पाठ करायची गरज नाही. आम्हाला चार-पाच पुरले. ईएक्सडब्ल्यू म्हणजे माल आमच्या दारात, उचलायचा घेणाऱ्याने. एफओबी म्हणजे बोटीवर चढेपर्यंत सगळं आमचं. सीएफआरमध्ये समुद्राचं भाडंही आम्ही भरायचं, आणि सीआयएफमध्ये भाड्याबरोबर विमाही आम्हीच उतरवायचा. डीडीपी म्हणजे परदेशातलं आयातशुल्कसुद्धा भरून थेट घेणाऱ्याच्या दुकानात माल पोचवायचा. ते नवख्याने घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. परक्या देशाच्या कस्टमचा आकडा आपण कुडाळात बसून कसा धरणार?

हे सगळं मी सासऱ्यांना समजावून सांगत होते. त्यांचे वडील वेंगुर्ल्याच्या बंदरातून पडावावर मालाची ने-आण करायचे, त्यामुळे बोटीचा विषय निघाला की बाबा कान देऊन ऐकतात. सगळं ऐकून ते म्हणाले, "तां सगळा खरा, पण माल मधीच बुडलो तर कोणाचो गेलो?"

पुढे ज्या ज्या शब्दाशी गाठ पडली, त्याला मी बाबांचा हाच प्रश्न लावून पाहिला. बहुतेक शब्द तिथल्या तिथे उलगडले.

सीआयएफचंच बघा. भाडं जेबेल अलीपर्यंतचं आम्ही भरलं, विमा आम्ही काढला, म्हणजे जेबेल अलीपर्यंत माल आमचा, असं कोणालाही वाटेल. तसं नाही. सीआयएफमध्येही धोका न्हावा शेव्याला बोटीवर माल चढला की घेणाऱ्याकडे जातो. खर्च एका ठिकाणी थांबतो, धोका दुसऱ्या ठिकाणी. मधल्या समुद्रात माल बुडाला तर तो घेणाऱ्याचा बुडाला, आणि आम्ही काढलेल्या विम्याचे पैसे त्याला मिळतात. म्हणून तर तो विमा खरेदीदाराला वापरता येईल असा काढायचा असतो.

आणखी एक गोष्ट कंटेनरवाल्यांनी नीट समजून घ्यावी. एफओबी आणि सीआयएफ हे नियम मूळचे सुट्या मालाचे. पूर्वी तर धोका बदलायची जागा जहाजाचा कठडा मानली जायची. २०१० च्या आवृत्तीपासून माल प्रत्यक्ष बोटीवर ठेवला जाणं ही जागा झाली. पण आमच्यासारख्यांचा माल बोटीच्या शेजारी जातच नाही. तो गोदामात दिला जातो, तिथे खोक्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, भरला जातो, खोकं बंदराच्या यार्डात उभं राहतं, मग क्रेन उचलते. एवढा सगळा काळ माल आमच्या ताब्यात नसतो, पण धोका आमचाच असतो. म्हणून कंटेनरच्या मालाला एफओबीऐवजी एफसीए आणि सीआयएफऐवजी सीआयपी वापरा, असं नियम करणारेच सांगतात. त्यात ठरलेल्या जागी वाहतूकदाराच्या हाती माल दिला की धोका सरतो. मी खरेदीदाराला सीआयपी सुचवलं. ते म्हणाले, आमच्याकडे सगळे सीआयएफच लिहितात, तेच ठेवू. ठेवलं. पण विमा मात्र कुडाळच्या आमच्या गोदामापासून दुबईतल्या त्यांच्या गोदामापर्यंतचा काढला.

विम्यावर जरा जास्त बोलते, कारण इथे बरेच जण घाईत सही करतात. मालाच्या विम्याची तीन कलमं असतात: ए, बी आणि सी. सी सगळ्यात स्वस्त. त्यात आग, स्फोट, जहाज बुडणं, रुतणं, टक्कर, रस्त्यावर गाडी उलटणं असे मोठे अपघात येतात. चोरी येत नाही. समुद्राचं पाणी आत शिरून माल भिजला तर तेही सीमध्ये नाही. ते बीपासून पुढे. ए कलमात वगळलेल्या गोष्टी सोडून बाकी सगळं येतं. वगळलेल्यांत मालाचा अंगचा दोष, कच्चं पॅकिंग आणि उशिरामुळे झालेलं नुकसान ह्या मुख्य. सीआयएफ लिहिलं की विकणाऱ्यावर फक्त सी कलमाची सक्ती आहे, तर सीआयपीमध्ये एची. रक्कम दोन्हीकडे बिलाच्या किमान ११० टक्के. काजू ओलावा धरतो, वास धरतो आणि चोराला आवडतो. आम्ही ए घेतलं. हप्त्यातला फरक आमच्या मालाच्या किमतीपुढे काहीच नव्हता.

याच बोलण्यात जनरल ॲव्हरेज हा प्रकार निघाला. जहाज आणि बाकीचा माल वाचवण्यासाठी मुद्दाम काही माल समुद्रात टाकला किंवा सुटकेसाठी मोठा खर्च केला, तर तो तोटा जहाजमालक आणि सगळे मालवाले आपापल्या किमतीच्या प्रमाणात वाटून घेतात. तुमच्या खोक्याला धक्काही लागला नसला तरी तुमचा वाटा भरल्याशिवाय, निदान हमी दिल्याशिवाय माल सुटत नाही. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात एव्हर गिव्हन हे जहाज सहा दिवस अडकलं होतं, तेव्हा त्याच्या मालकांनी हेच जाहीर केलं. त्यावर अठरा हजारांहून जास्त कंटेनर होते. विमा असलेल्यांची हमी विमा कंपनी देते. नसलेल्यांना स्वतःच्या खिशातून अनामत भरावी लागते. मला हा नियम ऐकून अन्याय वाटला होता. बाबांना मुळीच वाटला नाही. "एकाचो माल टाकून बाकीच्यांचो वाचलो, तर तेका भरूक नको?" असं म्हणून त्यांनी तो तिथल्या तिथे निकालात काढला.

आता मापं. दोन टन माल म्हणजे पूर्ण कंटेनर नाही. वीस फुटी खोक्याची आतली लांबी साधारण ५.९ मीटर, रुंदी २.३५ आणि उंची २.३९, म्हणजे सुमारे ३३ घनमीटर. याच खोक्याला एक टीईयू म्हणतात, आणि चाळीस फुटी म्हणजे दोन टीईयू. बंदरं आपली उलाढाल त्यातच मोजतात. न्हावा शेव्याचा आकडा आता वर्षाला सत्तर लाख टीईयूच्या वर गेला आहे. संपूर्ण खोकं एकाच मालकाचं असलं तर एफसीएल. अनेकांचा थोडा थोडा माल एका खोक्यात गेला तर एलसीएल, आणि तो गोळा करून भरणारा तो कन्सॉलिडेटर. आमचं एलसीएल.

एलसीएलचं भाडं डब्ल्यू/एमवर लावतात. एक टन किंवा एक घनमीटर, दोन्हींत जो आकडा मोठा निघेल त्यावर. घनमीटरला सगळे सीबीएम म्हणतात. फरशी किंवा लोखंड पाठवणारा टनावर भरतो. काजू आकाराने मोठा आणि वजनाला हलका, त्यामुळे आम्ही सीबीएमवर भरणार हे उघड होतं. याची चुणूक नमुना पाठवतानाच मिळाली होती. चार किलो गर मोठ्या खोक्यातून कुरिअरने पाठवले, तर त्यांनी लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागलं आणि साडेसात किलोचे पैसे लावले. हलक्या मालाला जागेचं भाडं पडतं, वजनाचं नाही.

मग मी पॅकिंगवर बसले. पुठ्ठ्याचं खोकं ठरवलं ४० बाय ३० बाय ३० सेंटिमीटरचं, आत दहा-दहा किलोच्या दोन व्हॅक्यूम पिशव्या. शंभर खोकी, दोन टन. पॅलेट, म्हणजे खोकी रचायचा लाकडी तळ, १२० बाय १०० चं. खोकी सरळ रांगेत लावली तर एका थरात नऊच बसतात आणि दहा सेंटिमीटरची पट्टी रिकामी राहते. ती रिकामी जागाही भाड्यात धरली जाते. आमच्या पॅकिंगवरच्या एका बाईने खोकी फिरवून बघितली. चार खोकी आडवी, त्यांची ३० ची बाजू पॅलेटच्या लांब कडेला. उरलेल्या जागेत तीन-तीनच्या दोन रांगा उभ्या. दहा खोकी, बोटभरही जागा उरली नाही. पुढचा थर उलट्या बाजूने सुरू केला, त्यामुळे वीटकामासारखे सांधे एकमेकांवर येईनात आणि पॅलेट हलवून पाहिलं तरी डगमगेना. पाच थर, पन्नास खोकी, पॅलेटच्या लाकडासकट उंची १६५ सेंटिमीटर. दोन पॅलेट मिळून ३.९६ सीबीएम. चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे कोन लावले, पट्ट्या मारल्या, वर स्ट्रेच फिल्म गुंडाळली.

कोपऱ्यांचे कोन फुगवटा दाबण्यासाठी. गोदामातला मोजणारा माणूस खोक्याच्या कागदावरचं माप बघत नाही, तो फीत लावतो ती सगळ्यात बाहेर आलेल्या टोकाला. खोकी दोन-दोन सेंटिमीटर फुगली तर पॅलेटची लांबी, रुंदी, उंची तिन्ही वाढतात आणि ३.९६ चे सहज सव्वाचार होतात.

पॅलेट लाकडी असेल तर त्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का लागतो. लाकडातली कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. लाकडाचा गाभा ५६ अंशांवर तीस मिनिटं तापवलेला असला की त्यावर एचटी अशी अक्षरं येतात. शिक्का नसलेलं लाकूड परदेशी बंदरात अडकू शकतं, माल कितीही चांगला असो. गावच्या वखारीतून पॅलेट ठोकून घेऊ नका, एवढंच सांगते.

कागदांपैकी आयात-निर्यात कोड, बँकेचा एडी कोड (कस्टमकडे नोंदवायची बँकेची खूण) आणि जीएसटी न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र हे आधीच तयार होतं. कोड एकदाच काढायचे, हमीपत्र मात्र दर आर्थिक वर्षी नव्याने द्यावं लागतं, आणि बहुतेक काम घरबसल्या होतं. माल निघताना लागतात ते बिल, पॅकिंग लिस्ट, काजू वनस्पतिजन्य असल्यामुळे कीड-रोग नसल्याचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, आणि खरेदीदाराने मागितलेलं मूळ-देशाचं प्रमाणपत्र. संयुक्त अरब अमिरातींशी आपला व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू झाला, त्या कराराच्या नमुन्यातलं.

शिपिंग बिल मात्र नावाने फसवतं. ते बोटवाल्याचं बिल नाही. तो आपण कस्टमला दिलेला निर्यातीचा अर्ज आहे आणि तो सीएचए, म्हणजे कस्टमचा परवानाधारक दलाल, संगणकावर भरतो. सरकारी कागदात त्याला आता कस्टम्स ब्रोकर म्हणतात, पण न्हावा शेव्यात सगळे सीएचएच म्हणतात. आणि सीएचए व फॉरवर्डर ही दोन वेगळी कामं आहेत, एकच माणूस दोन्ही करत असला तरी. एक कस्टमचं बघतो, दुसरा बोटीवर जागा मिळवतो. आमच्या सीएचएकडे उरणचा एक तरुण सगळी पळापळ करायचा. अर्ज दाखल करण्याआधी त्याने मला चेकलिस्ट पाठवली आणि फोन केला, "ताई, वजन, एचएस कोड आणि घेणाऱ्याचं नाव स्वतः वाचा. आमच्यावर सोडू नका. दाखल झाल्यावर बदलायला अर्ज, फी आणि वेळ तिन्ही जातात." एचएस कोड म्हणजे मालाचा वर्ग सांगणारा कस्टमचा आकडा. सोललेल्या काजूचा ०८०१ ३२ ने सुरू होतो, टरफलासकट बीचा ०८०१ ३१ ने. एका आकड्याचा फरक, पण कस्टमच्या लेखी वेगळाच माल.

माल रात्री निघाला. मुंबई-गोवा महामार्गाने कणकवली, चिपळूण, कशेडी, महाड करत पनवेल, तिथून जेएनपीटीचा रस्ता. चारशेहून जास्त किलोमीटर. मला बरेच जण विचारतात की समुद्र दारात असताना माल एवढा उत्तरेला का न्यायचा. वेंगुर्ला, विजयदुर्ग, जयगड, दाभोळ ही बंदरं आमच्याच किनाऱ्यावर आहेत. मलाही हे लागतं. बाबांच्या वडिलांच्या काळी वेंगुर्ल्यातून माल जायचा, आणि आज त्याच गावचा काजू घाट ओलांडत ट्रकमधून जातो. पण कंटेनरची बोट जिथे खोल पाणी, मोठ्या क्रेन आणि भरपूर खोकी आहेत तिथेच थांबते. न्हावा शेवा १९८९ मध्ये त्यासाठीच सुरू झालं. जयगडला खोल पाणी आहे, पण तिथला धंदा मुख्यतः कोळशासारख्या मोठ्या मालाचा. मार्मगोवा आम्हाला बरंच जवळ; आमच्या फॉरवर्डरकडे तिथून जेबेल अलीचं एलसीएल खोकं नव्हतं. एलसीएलला जोडीला इतरांचा माल लागतो आणि तो जिथे गोळा होतो तिथे जावंच लागतं.

ट्रकबरोबर बिल्टी, ई-वे बिल, बिल आणि पॅकिंग लिस्टच्या प्रती. ट्रक थेट बंदरात जात नाही. तो जातो सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कस्टमच्या देखरेखीखालच्या गोदामात. तिथे माल आत घेण्याला कार्टिंग म्हणतात आणि त्याला वेळेची शेवटची मर्यादा असते, तिला कटऑफ. कटऑफ एक नसतो. गोदामात माल देण्याचा वेगळा, कागद देण्याचा वेगळा, भरलेलं खोकं बंदराच्या दारातून आत नेण्याचा वेगळा. बोट शुक्रवारी सुटणार म्हणजे गुरुवारी माल नेऊन चालेल, असं धरून बसलात तर माल पुढच्या बोटीवर जातो. त्याला रोलओव्हर म्हणतात. कधी तुमची काही चूक नसतानाही बोटच उशिरा येते. आमची आली. ईटीडी म्हणजे सुटण्याची अंदाजे वेळ, ईटीए म्हणजे पोचण्याची. त्यातला अंदाज हा शब्द खरा धरायचा आणि खरेदीदाराला तारखेऐवजी आठवडा सांगायचा.

मी गेट पास काढून सीएफएसमध्ये गेले होते. फॉरवर्डर म्हणाला, गरज नाही. मला बघायचं होतं. पॅलेट उतरल्यावर मोजणाऱ्याने फीत लावली, वजन घेतलं, खोकी मोजली आणि टॅली शीटवर लिहिलं. एका खोक्याचा कोपरा वाटेत दबला होता. तो त्यावर बोट ठेवून थांबला. असा शेरा टॅलीवर गेला की पुढे बिल ऑफ लेडिंगवर जाऊ शकतो, आणि शेरा असलेलं बिल 'क्लीन' राहत नाही. पतपत्रावर, म्हणजे कागद बघून पैसे देण्याच्या बँकेच्या हमीवर, व्यवहार असेल तर बँक तिथे पैसे अडवते. आम्ही काही रिकामी खोकी जादा पाठवली होती. पिशव्या धड होत्या. उरणच्या त्या मुलाने परवानगी घेऊन खोकं बदललं, पट्टी पुन्हा मारली, आणि टॅली स्वच्छ लिहिली गेली.

मग त्याने मला रिकाम्या कंटेनरकडे नेलं. स्वतः आत गेला आणि बाहेरच्या हमालाला दोन्ही दारं लावायला सांगितली. थोड्या वेळाने आतून दारावर थाप मारली. बाहेर येऊन म्हणाला, "उजेड कुठून येत नाही, ताई. उजेड आला तर पाणी येतं." पत्र्याला सुईएवढं भोक असलं तरी आतल्या अंधारात ते दिसतं. त्याने वासही घेतला. आधी त्यात मसाला, केमिकल किंवा कातडं गेलेलं असेल तर काजू तो वास उचलतो. जोडीला काय जाणार हे मी विचारूनच घेतलं होतं: स्टीलची भांडी आणि तयार कपडे.

कंटेनरच्या दारावर चार अक्षरं आणि सात आकडे असतात. पहिली तीन अक्षरं मालकाची खूण, चौथं बहुधा यू, मग सहा आकड्यांचा क्रमांक, आणि चौकटीतला शेवटचा आकडा तपासणीचा. आधीच्या दहा खुणांवरून हिशेब करून तो काढलेला असतो, त्यामुळे कोणी एखादा आकडा चुकीचा टाइप केला तर संगणक बहुतेक वेळा लगेच पकडतो. त्याखाली टेअर, म्हणजे रिकाम्या खोक्याचं वजन. माल अधिक पॅकिंग अधिक पॅलेट म्हणजे ग्रॉस, नुसता काजू म्हणजे नेट. आणि भरलेल्या खोक्याचं तपासलेलं एकूण वजन ते व्हीजीएम. १ जुलै २०१६ पासून व्हीजीएमशिवाय बोटीवर खोकं चढवता येत नाही. खोटी वजनं सांगितल्यामुळे बोटीवरच्या थप्प्या कोसळतात, बोटीचा तोल जातो, माणसं जातात. आमच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतली मुलं त्या बोटींवर नोकरीला आहेत. वजन लिहिताना मला ते आठवतं.

कस्टमचा एलईओ, म्हणजे निर्यातीची परवानगी, मिळाली. खोकं भरलं, दाराला बॉटल सील लागलं आणि सीलचा नंबर कागदावर चढला. पुढचं सगळं कागदाचं.

बिल ऑफ लेडिंग, म्हणजे बीएल, हा या धंद्यातला सगळ्यात मोठा कागद. तो माल मिळाल्याची पावती आहे, वाहतुकीच्या कराराचा पुरावा आहे आणि मालाच्या मालकीचा दस्तऐवजही आहे. भारतात त्याचा कायदा १८५६ चा होता. २०२५ मध्ये संसदेने त्याजागी नवा केला. साधारणपणे तीन मूळ प्रती निघतात आणि त्यांतली एक दाखवून माल सुटला की बाकीच्या निरुपयोगी होतात. बाबा म्हणाले, "कागद जेच्या हातात, माल तेचो." अगदी तेच. म्हणूनच पैसे येईपर्यंत तो कागद आपण सोडायचा नसतो.

एलसीएलमध्ये दोन बीएल असतात. बोटीची कंपनी संपूर्ण खोक्याचं मास्टर बीएल कन्सॉलिडेटरला देते, आणि कन्सॉलिडेटर आपापल्या मालापुरतं हाउस बीएल प्रत्येकाला देतो. आमच्या हाती आलं ते हाउस. त्यातल्या रकान्यांत शिपर आम्ही, कन्साइनी माल घेणारा, आणि नोटिफाय पार्टी म्हणजे बोट आल्यावर ज्याला कळवायचं तो. 'सेड टु कंटेन' असं छापलेलं असतं. म्हणजे आत काजू आहे असं पाठवणारा म्हणतो, आम्ही खोकी उघडून पाहिलेली नाहीत. 'फ्रेट प्रीपेड' म्हणजे भाडं इथेच भरलं. आणि 'शिप्ड ऑन बोर्ड' ची तारीख, जी धोका कोणत्या दिवशी बदलला ते सांगते. मसुदा आला तेव्हा मी एकेक अक्षर बिलाशी ताडून पाहिलं.

इथे एक खरी अडचण आहे. न्हावा शेव्याहून जेबेल अली समुद्राने काही दिवसांवरच. मूळ कागद बँकेमार्फत किंवा कुरिअरने जाईपर्यंत माल तिकडे पोचून बसतो. मग गोदामभाडं आणि डॅमरेज चालू होतं. डॅमरेज म्हणजे ठरावीक मोफत दिवसांनंतर बंदरात माल पडून राहिल्याचा दंड. डिटेन्शन वेगळं: कंटेनर बंदराबाहेर नेऊन रिकामा करून वेळेत परत न दिल्याचा. दोन्ही एकच समजून लोक वाद घालतात, आणि दोन्हींचे दिवस वेगवेगळे मोजले जातात. आम्ही खरेदीदाराशी असं ठरवलं की काही रक्कम आगाऊ, आणि बाकीची बीएलची प्रत मेलवर बघून. पैसे खात्यावर आले की तिन्ही मूळ प्रती इथेच कन्सॉलिडेटरला परत द्यायच्या. मग तो तिकडच्या कचेरीला कळवतो आणि कागदाशिवाय माल सुटतो. याला सरेंडर किंवा टेलेक्स रिलीज म्हणतात, टेलेक्स कधीच इतिहासजमा झाला असला तरी. पैसे आल्याची खात्री बँकेकडून करूनच मी प्रती परत दिल्या. तो क्रम उलटा करायला कोणीही सांगितलं तरी करू नये.

माल सुखरूप पोचला. आणि दुसऱ्याच दिवशी दुबईहून रागाचा फोन आला. सीआयएफ असताना तिकडच्या एजंटने खरेदीदाराकडून हाताळणी, डिलिव्हरी ऑर्डर, कंटेनर उघडणं आणि आणखी कसलेकसले मिळून समुद्राच्या भाड्याच्या कितीतरी पट पैसे घेतले होते. आमच्या फॉरवर्डरने मला प्रति सीबीएम भाडं इतकं कमी सांगितलं होतं की मी ते दोनदा विचारलं होतं. त्याने हसून सांगितलं, "मॅडम, स्पर्धा आहे." खरा प्रकार असा, की कन्सॉलिडेटर खोकं भरावं म्हणून इकडचं भाडं नावापुरतं ठेवतात आणि ती भर तिकडच्या घेणाऱ्याकडून काढतात. तिकडचे आकार किती, हे मी लेखी विचारलं होतं. उत्तर आलं होतं, "ॲज पर टॅरिफ". तो टॅरिफ मला कोणी दाखवला नाही. हे मला अजून लागतं, कारण यात फसतो तो आपल्यावर विश्वास ठेवणारा खरेदीदार, आणि नाव जातं पाठवणाऱ्याचं.

नियमाने ते पैसे घेणाऱ्याचेच होते. सीआयएफमध्ये तिकडचा उतरवण्याचा खर्च वाहतुकीच्या भाड्यात धरलेला नसेल तर तो त्याच्याकडे. पण पहिल्या व्यवहारात नियम पुढे करून काय मिळवायचं? पुढच्या बिलात काही रक्कम वळती करू, असं आम्ही ठरवलं. आता दर मागताना मी फॉरवर्डरला तीन रकाने भरून द्यायला सांगते: इकडचे आकार, समुद्राचं भाडं, तिकडचे आकार. पहिल्यात टीएचसी म्हणजे बंदरातली हाताळणी, सीएफएस, कागद, कस्टम. दुसऱ्यात भाडं आणि बीएएफसारखे इंधनाचे अधिभार. तिसऱ्यात घेणाऱ्याला पडणारी प्रत्येक रक्कम, त्यांच्या चलनात. तिसरा रकाना रिकामा ठेवणाऱ्याला मी काम देत नाही.

बँकेने पैसे आल्याची नोंद शिपिंग बिलाशी जोडली आणि तो व्यवहार त्यांच्या वहीतून बंद झाला. ती नोंद झाल्याशिवाय निर्यात कागदोपत्री पुरी होत नाही, हे नव्याने करणाऱ्यांनी विसरू नये.

आता देइऱ्याहून पूर्ण खोक्याची विचारणा आहे. पन्नास पौंडांच्या खोक्यांत वीस फुटी कंटेनरला सातशे खोकी बसतात, म्हणजे जवळजवळ सोळा टन. एवढा एका ग्रेडचा माल आमच्या एकट्याकडे निघत नाही, म्हणून सावंतवाडी आणि वेंगुर्ल्याच्या दोन युनिटवाल्यांशी बोलणं चालू आहे. कंटेनर इथेच कुडाळात आणून भरायचा, ई-सील लावायचं आणि बंद करूनच न्हावा शेव्याला पाठवायचा. सीएफएसची फीत नाही, जोडीला परका माल नाही. ट्रेलर पावसाआधी घाट उतरून यायला हवा, आणि रिकामं खोकं डेपोतून उचललं की त्याचे मोफत दिवस मोजायला सुरुवात होते. तिघांचा माल एका बीएलवर गेला तर शिपर म्हणून कोणाचं नाव घालायचं आणि विम्याचा दावा आला तर तो कोणी करायचा, एवढं अजून ठरायचं आहे. बैठक पुढच्या आठवड्यात आमच्याकडे आहे. बाबांनाही बसायला सांगितलं आहे.